मे महिन्याचा डोंगर आणि पाच वर्षांचे पाऊल

शाळांच्या परीक्षा संपतात आणि त्याच सुमारास व्यापारी घरांत लग्नसराईची धांदल सुरू होते. कापड, भांडी, किराणा, सराफी, पेढी कोणतीही असो, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे घरातील कर्त्या माणसाला आठ दिवस दुकान सोडून बाहेर पडणे शक्य होत नाही. परिणामी मुलांची सुट्टी मामाच्या गावी, एखाद्या छंदवर्गात किंवा बंद खोलीतील पडद्यासमोर सरते, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला दीड महिन्यात मातीच्या वाटेवर चालण्याचा एकही प्रसंग येत नाही. डोंगर पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात चढावा, उन्हाळ्यात तो वर्ज्य, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज निम्मा खरा आहे. मे महिन्यातला सह्याद्री सकाळी दहानंतर लहान मुलासाठी खरोखरच वर्ज्य आहे. परंतु पहाटे साडेपाच ते नऊ हे साडेतीन तास वेगळे असतात, आणि उन्हाळी डोंगरभ्रमंतीचा सगळा विचार याच साडेतीन तासांभोवती करावा लागतो.

या वेळापत्रकाची एक सोय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुकान दहा वाजता उघडते. पुण्यातील कुटुंब वेताळ टेकडीवर, साताऱ्यातील अजिंक्यताऱ्यावर, नाशिकमधील म्हसरूळच्या गजपंथावर आणि सांगली-कोल्हापूरकडील कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर पहाटे जाऊन दुकानाच्या वेळेपर्यंत परतू शकते. त्यासाठी रजा नको, आरक्षण नको आणि मोठा खर्चही नको. लागते ती आदल्या रात्री नऊ वाजता निजण्याची तयारी, आणि अनेक घरांत सर्वांत कठीण जाते ती हीच गोष्ट.

लहान मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी प्रतिकृती, असे समजून डोंगर चढणारे पालक फसतात. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. त्यामुळे हवा अंगापेक्षा तापली की बाहेरची उष्णता त्याचे शरीर लवकर ओढून घेते. प्रौढाच्या तुलनेत त्याला घामही कमी येतो. त्यात भर अशी, की खेळात रमलेले मूल तहान लागली तरी पाणी मागत नाही. म्हणून त्याला पाणी विचारायचे नसते, द्यायचे असते; दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. चेहरा लालबुंद होणे, डोके दुखणे, मळमळ, विनाकारण किरकिर, पाय ओढत चालणे ही उष्णतेची पहिली चिन्हे होत. अशा वेळी ‘थोडेच उरले आहे’ असे म्हणून पुढे नेणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरतो. मुलाला सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने मान, काखा आणि कपाळ पुसावे, वारा घालावा आणि मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, हे प्रमाण प्रत्येक आईला तोंडपाठ असावे. मूल असंबद्ध बोलू लागले, गुंगीत गेले किंवा वारंवार उलट्या करू लागले तर तोंडावाटे काही देऊ नये. त्याचे अंग ओले करीत, वारा घालीत त्याला तत्काळ खाली आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुलांना घेऊन डोंगर चढणे जैन घरांना नवीन नाही. पालीताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. बागलाणातील मांगी-तुंगीच्या पायऱ्याही साडेतीन हजारांच्या आसपास भरतात. या वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या आजी-आजोबांचे बोट धरून मुले चढत आली आहेत. यात्रेची जुनी शिस्त बारकाईने पाहिली तर ती आजच्या कोणत्याही गिर्यारोहण वर्गात शिकवण्याजोगी आहे. उजाडता उजाडता चढायला लागावे, वाटेत बडबड आणि धावाधाव करू नये, पाणपोईपाशी थांबावे, उन्हे चढण्यापूर्वी उतरणीला लागावे. शत्रुंजयावर रात्री कोणी मुक्काम करीत नाही. तेथे चढणारा प्रत्येक जण उतरण्याचा हिशेब मनाशी धरूनच पहिली पायरी चढतो. मात्र मोठ्यांची तपश्चर्या मुलावर लादली जाऊ नये. मोठ्यांनी पाणी वर्ज्य केले असले तरी पाच वर्षांच्या मुलाच्या बाटलीत उकळून थंड केलेले पाणी असलेच पाहिजे. अनवाणी चढण्याचा नियम पहाटे सुखाचा वाटतो. उतरताना दगडी पायऱ्या तापलेल्या असतात आणि कोवळे तळवे भाजतात. जाड सुती मोज्यांचा एक जोड खिशात ठेवला तर हा प्रश्न सहज सुटतो.

पायऱ्यांच्या वाटेला कठडा असतो, दिशा असते, माणसांची ये-जा असते. कच्च्या वाटेवर यांपैकी काही नसते. म्हणून पायऱ्यांनंतरची दुसरी इयत्ता कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत चांगले उत्तर माथेरान हे आहे.

माथेरानला ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणून जाणारी कुटुंबे बाजारपेठेत चिक्की आणि चपला खरेदी करून, घोड्यावरून दोन-तीन पॉइंट पाहून परततात. चालण्यासाठी म्हणून तेथे जाणारी थोडी. वास्तविक माथेरानचे खरे मोल तेथील मोटारबंदीत आहे. खासगी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि त्यापुढे बाजारापर्यंतची सुमारे तीन किलोमीटरची तांबड्या मातीची वाट पायी, घोड्यावरून किंवा छोट्या गाडीने कापावी लागते. अलीकडे ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत. ज्या मुलाला शहरात घराच्या फाटकाबाहेर एकट्याने पाऊल टाकू दिले जात नाही, ते मूल येथे आईवडिलांच्या दहा पावले पुढे चालू शकते. मागून मोटार येणार नाही, ही खात्री मोठ्यांनाही वेगळे चालायला शिकवते.

दुसरी गोष्ट सावलीची. माथेरानची उंची सुमारे आठशे मीटर. साधारणतः हजार मीटर उंचीमागे हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्याच्या नेरळपेक्षा वर पाच अंशांचा दिलासा मिळतो. त्याहून मोठा दिलासा झाडांचा आहे. जांभूळ, हिरडा, आंबा आणि अंजनीची दाट झाडी वाटांवर छत धरते. अंजनीची निळी-जांभळी फुले थेट खोडा-फांद्यांना लगडलेली दिसतात. फूल शेंड्यावरच येते असे चित्रकलेच्या वहीत शिकलेल्या मुलाला हा चमत्कार वाटतो. जांभळे पिकून वाटेवर सडा पडलेला असतो आणि आदिवासी बायका करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या असतात. काळ्या करवंदाचा चीक ओठांना चिकटतो, तो कशाने जातो यावर एका मुलाचा पाऊण तास मजेत जातो.

नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून हा मार्ग बांधला. व्यापारी वाचकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. डोंगरावर रेल्वे नेण्याचे धाडस एका मुंबईकर व्यापारी घराने केले, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. वीस-एकवीस किलोमीटरच्या या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घाईच्या माणसाला तो असह्य होतो. मुलाला मात्र वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन खिडकीतून दिसते, याहून मोठे साहस त्या वयात फारसे नसते. पावसाळ्यात नेरळकडचा मार्ग बंद ठेवतात. तेव्हा ही मौज मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्याचीच.

माथेरानमध्ये मुलासह एक मुक्काम करून दोन सकाळी चालावे. पहिल्या सकाळी बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट. दुसऱ्या सकाळी शार्लोट तलाव आणि पिसरनाथाचे देऊळ. एवढे पुरे. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे; सूर्योदयाच्या हौसेने तेथे पोचलेली मुले परतीच्या वाटेवर उन्हात रडताना दिसतात. सर्वच टोकांवर एक नियम कसोशीने पाळावा: कड्यापासून वीस पावलांच्या आत मूल आले की त्याचा हात मोठ्याच्या हातात, आणि त्या मोठ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नाही. जांभ्या दगडाची कड वरून भक्कम दिसते, पण मे महिन्यात तिच्यावर सुटी, गोलसर खडी साचलेली असते; ती पायाखाली मण्यांसारखी सरकते. माकडांच्या देखत पिशवी उघडू नये. मुलाच्या हातात खाऊ असला की माकड थेट त्याच्यावर झेप घेते, आणि त्या एका भीतीने मुलाला जंगल कायमचे नकोसे होऊ शकते.

घोड्याविषयी एक शब्द. थकलेल्या मुलाला घोड्यावर बसवण्यात गैर काही नाही. परंतु चालायला आणलेल्या मुलाला पहिल्याच वळणावर घोडा दाखवला, तर पुढच्या प्रत्येक वळणावर तो मागितला जातो.

यानंतर मुद्दा येतो तो मागे फिरण्याचा. कर्ज मंजूर करताना परतफेड कशी होणार हे आधी पाहिले जाते; चढाईचेही तसेच आहे. घड्याळात सात वाजून तीस मिनिटे झाली, अथवा जवळचे निम्मे पाणी संपले, यांपैकी जे आधी घडेल तेथून परत फिरायचे, हे घरून निघतानाच ठरलेले असावे. जागेवर ठरवू म्हटले की ते ठरत नाही. एकत्र कुटुंबाचा दहा-बारा जणांचा मेळा निघाला असेल तर अडचण अधिक वाढते. कॉलेजातल्या चुलत भावाला माथा गाठायचा असतो, काकूंना मध्येच बसायचे असते, आजोबांना मुलाचे कौतुक करीत पुढे जायचे असते. अशा वेळी मुलाची जबाबदारी एकाच प्रौढ व्यक्तीकडे सोपवावी आणि तिचा शब्द अखेरचा मानावा. मग ती घरातील धाकटी सून असली तरीही. आपल्या घरांत हे सांगायला जेवढे सोपे तेवढे पाळायला अवघड आहे. पण मुलाच्या चेहऱ्यावरचा बदल सर्वांत आधी तिलाच दिसतो, आणि नेमका तिचाच शब्द मेळ्यात सर्वांत शेवटी विचारला जातो. माथा गाठू इच्छिणाऱ्यांनी वेगळी तुकडी करावी, स्वतःचे पाणी घेऊन पुढे जावे.

उतरण सोपी, हा आणखी एक गैरसमज. दमलेल्या मुलाचे गुडघे उतरताना लटपटतात. वाळलेले गवत आणि घसारा यांवर त्याचे पाऊल ठरत नाही. सोळा-अठरा किलोंचे मूल खांद्यावर घेऊन घसाऱ्यावरून उतरणारा बाप घसरला तर दोघेही पडतात. मुलाला उचलून घेण्याची वेळ आलीच, तर पाठीवर घट्ट बांधलेली झोळी खांद्यापेक्षा सुरक्षित. खरे म्हणजे जेवढे चढताना लागले त्याहून अधिक बळ मुलात शिल्लक असतानाच मागे वळावे.

पुण्याच्या सिंहगडावर हे दृश्य दर रविवारी पाहायला मिळते. अतकरवाडीची पायवाट पहाटेच्या नेहमीच्या चढकऱ्यांनी गजबजलेली असते. नित्य चढणारा माणूस ती तासाभरात सहज चढतो. हे ऐकून पाच वर्षांच्या मुलाला घेऊन साडेसात वाजता पायथ्याशी पोचणारी कुटुंबे असतात. मुलाला प्रौढापेक्षा दुप्पट वेळ लागतो असे धरावे. म्हणजे ही कुटुंबे ऐन साडेनऊच्या उन्हात, सावली नसलेल्या चढावर सापडतात. या वाटेचा पहिला तिसरा हिस्सा चढून, एखाद्या दगडावर बसून खडकवासल्याच्या पाण्यावर पसरणारे ऊन पाहावे आणि उतरावे. मुलाला गड ‘झाला नाही’ याचे दुःख नसते. त्याला वाटेतला सरडा झालेला असतो. गड संपूर्ण पाहायचाच असेल तर मोटार रस्त्याने वर जाऊन देवटाके, कल्याण दरवाजा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी हे सकाळीच हिंडून यावे.

टाक्यांचा विषय निघालाच आहे. सह्याद्रीत डोंगरावर पाणी साठवणे हे फार प्राचीन काळापासून पुण्यकृत्य मानले गेले. मावळातील पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक छोटा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख अरहंतांना केलेल्या नमस्काराने सुरू होतो, आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे व त्यासोबत पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदविल्याची नोंद करतो. अनेक अभ्यासक हा महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेख मानतात. मात्र आजच्या पालकांनी गडावरच्या टाक्यांवर विसंबू नये. मे महिन्यात बहुतेक टाकी आटलेली किंवा शेवाळलेली असतात. दोन-तीन तासांच्या फेरीसाठी प्रत्येक मोठ्याने दोन लिटर व मुलासाठी वेगळे एक लिटर पाणी घरूनच न्यावे.

खाण्याच्या बाबतीत जैन स्वयंपाकघर आधीच सज्ज असते. खाकरा, खजूर, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, कैरीचे पन्हे, कोकम सरबत यांना उन्हात बाधा येत नाही आणि वेष्टनांचा कचराही होत नाही. कपडे सुती व पूर्ण बाह्यांचे, टोपी रुंद काठाची, बूट आधी पंधरा दिवस वापरून रुळलेले. याहून अधिक सामानाची यादी दुकानदार देतील. ती घेण्याची गरज नाही.

धोके दोन-तीनच, पण ते माहीत हवेत. उन्हाळ्यात कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, मोठा आवाज आणि अत्तरासारखा उग्र वास यांनी ती उठतात. लग्नघरातून थेट डोंगरावर येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुलांना दगड उलथू देऊ नये, खाली विंचू असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव कडाडून येतो आणि त्यासोबत विजा. उघडा माथा आणि एकटे झाड, दोन्ही ठिकाणे तेव्हा घातक. सकाळीच खाली उतरलेल्यांना ही चिंता उरत नाही.

ज्यांना स्वतः नेणे जमत नाही ते मुलांना उन्हाळी साहस शिबिरांत पाठवतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. माहितीपत्रकावरची रंगीत चित्रे पाहण्याऐवजी नोंदणी आहे काय, किती मुलांमागे किती प्रशिक्षित माणसे, जवळचे रुग्णालय किती अंतरावर, असे तीन प्रश्न विचारावेत. पेढीवर अनोळखी गिऱ्हाइकाला उधार देताना जेवढी चौकशी होते, तेवढी तरी येथे व्हावी. आणि सहा वर्षांखालील मूल पालकांविना शिबिरात पाठवूच नये.

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची, भीमाशंकर या भागांत काजवे उमलू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे अंधारात एका लयीत उजळतात आणि विझतात. हे दृश्य मुलाला एकदा तरी दाखवावे असेच आहे, आणि त्यात चढही फारसा नसतो. चौविहार पाळणाऱ्या घरांना वेळेची अडचण नाही. सातच्या सुमारास मावळतीपूर्वी जेवण उरकते, आणि खरा लखलखाट त्यानंतर तासाभराने सुरू होतो. अडचण आहे ती गर्दीची. झाडाझुडपांभोवती उडत लुकलुकतात ते बहुतांशी नर. माद्या खाली गवतात, झुडपांत बसून त्यांना उत्तर देतात आणि अंडी जमिनीत घालतात. वाट सोडून गवतात शिरणाऱ्यांच्या पायांखाली पुढच्या वर्षीचे काजवे चिरडले जातात, तर मोटारींच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या झोतांनी नर-मादीचे संकेत तुटतात. किडामुंगीला जपणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला हे एकदाच सांगावे लागते. गाडीचे दिवे न मालवणाऱ्या मोठ्यांना पुनःपुन्हा. अभयारण्यांच्या हद्दीत वनविभाग रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. विजेरीवर तांबडा कागद गुंडाळावा, झोत पायांपुरता ठेवावा, रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून बसावे आणि मुलाचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा मिनिटे गप्प राहावे. जूनच्या मध्यापर्यंत पावसाचा जोर वाढतो आणि काजवे दिसेनासे होतात. तोवर बाजारात वह्या-दप्तरांची गर्दी सुरू झालेली असते.